काशीनाथशास्त्री अभ्यंकर: १ डिसेंबर २०२६ ला पन्नास वर्षे. स्मरण कसे करावे?

प्रश्न: नियमित_वाचक

१ डिसेंबर १९७६ च्या रात्री पुण्यात भांडारकर रस्त्यावरच्या घरात पं. काशीनाथ वासुदेव अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि घरकामाला असलेल्या बाई अशा पाच जणांची हत्या झाली. २०२६ च्या १ डिसेंबरला या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण होतील.

'जोशी-अभ्यंकर' म्हटले की आज कोणालाही खुनाचे प्रकरण आठवते आणि लगेच मारेकऱ्यांची नावे ओठांवर येतात. अभ्यंकर कोण होते, हे विचारले तर 'संस्कृतचे मोठे पंडित' यापुढे गाडी सरकत नाही. आमच्या संस्कृत अभ्यासवर्गाला त्या दिवशी दीड तासाचा कार्यक्रम आणि एक छोटे प्रदर्शन करायचे आहे. श्रोते साठ-सत्तर असतील. त्यातले निम्मे संस्कृत जाणणारे, निम्मे नाहीत.

माझे प्रश्न असे:
१. त्यांच्या ग्रंथांपैकी कोणते मांडावेत? यादीत चुका होऊ नयेत म्हणून काय तपासावे?
२. व्याकरणासारखा विषय सामान्य श्रोत्यांपुढे दीड तासात कसा मांडायचा?
३. हत्येचा उल्लेख किती आणि कसा करावा? मारेकऱ्यांची नावे कार्यक्रमात कुठेही येऊ द्यायची नाहीत, हे आमचे पक्के ठरले आहे.
४. जुन्या पुस्तकांची पाने स्कॅन करून लावली तर चालेल का?

प्रतिसाद १: ग्रंथसूची

आधी यादी पक्की करा. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो, कारण अभ्यंकर दोन आहेत. वडील म्हणजे महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर, रामशास्त्री गोडबोल्यांचे शिष्य. मुलगा म्हणजे काशीनाथ वासुदेव. ग्रंथालयांच्या सूचीत नुसते 'अभ्यंकर शास्त्री' असते आणि वडिलांची पुस्तके मुलाच्या नावावर चढतात. 'सर्वदर्शनसंग्रहा'वरची दर्शनाङ्कुर ही टीका वडिलांची आहे, मुलाची नव्हे. आणखी एक घोटाळा म्हणजे आनंदाश्रमाच्या जुन्या ग्रंथांवर 'काशीनाथशास्त्री आगाशे' हे संपादक दिसतात. ती व्यक्ती वेगळी. 'काशीनाथशास्त्री' एवढाच शब्द घालून शोधलेत तर आगाशे यादीत हमखास शिरतील. म्हणून प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ प्रत्यक्ष पाहून 'काशीनाथ वासुदेव' किंवा के. व्ही. ही अक्षरे मिळाल्याशिवाय नोंद धरू नका.

मांडण्याजोगे ग्रंथ असे:

'अ डिक्शनरी ऑफ संस्कृत ग्रामर', गायकवाड प्राच्य ग्रंथमाला क्र. १३४, बडोदा, १९६१. दुसरी, सुधारलेली आवृत्ती जे. एम. शुक्ल यांच्यासह १९७७ ची, म्हणजे हत्येनंतरच्या वर्षीची. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवता आल्या तर तारखा स्वतःच बोलतील.

'परिभाषासंग्रह', भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, १९६७. पाणिनीय परंपरेबरोबर चान्द्र, कातन्त्र, जैनेन्द्र, हैम अशा वेगवेगळ्या व्याकरणांच्या परिभाषा (सूत्रांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारे नियम) यात एकत्र केल्या आहेत. यातली जैनेन्द्र परिभाषांवरची वृत्ती, म्हणजे छोटे स्पष्टीकरण, खुद्द काशीनाथशास्त्रींनी संस्कृतात रचलेली आहे. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, कारण संग्रहात ती जुन्या वृत्तींच्या रांगेतच बसली आहे.

जर्मन विद्वान कीलहॉर्न यांनी संपादलेल्या पतंजलीच्या 'व्याकरणमहाभाष्या'ची (पाणिनीच्या सूत्रांवरचे भाष्य) सुधारित तिसरी आवृत्ती, तीन खंड: १९६२, १९६५, १९७२. मूळ आवृत्ती १८८० ते १८८५ ची. अभ्यंकरांनी जादा पाठभेद, संदर्भ आणि टिपा घातल्या. जगभर महाभाष्याचे उतारे कीलहॉर्नच्या खंड-पान-ओळ या क्रमाने दिले जातात, आणि आज टेबलावर उघडली जाते ती प्रत बहुतेक वेळा अभ्यंकरांची असते.

नागेशभट्टांचा परिभाषांवरचा ग्रंथ 'परिभाषेन्दुशेखर': कीलहॉर्नच्या इंग्रजी अनुवादाची दुसरी आवृत्ती १९६० ची, तर मूळ संस्कृत ग्रंथ वडिलांच्या तत्त्वादर्श टीकेसह १९६२ चा. या दुसऱ्या पुस्तकाला प्रदर्शनात मोक्याची जागा द्या. वडिलांची टीका आणि मुलाचे संपादन एकाच पुस्तकात आहे.

वि. प्र. लिमये यांच्याबरोबर भर्तृहरीचे 'वाक्यपदीय' (पुणे विद्यापीठ, १९६५) आणि महाभाष्यावरची त्याचीच टीका 'महाभाष्यदीपिका' (भांडारकर संस्था, १९७०). दीपिकेचे एकच हस्तलिखित उरले आहे. ते बर्लिनमध्ये आहे आणि अपुरे आहे. भ्रष्ट, गाळलेल्या अक्षरांच्या त्या एकाच प्रतीवरून पाठ उभा करायचा म्हणजे तुलनेला दुसरी प्रतच नाही. प्रत्येक शंकास्थळी आधार फक्त व्याकरणाच्या ज्ञानाचा. पुढे १९८०च्या दशकापासून भांडारकर संस्थेनेच आह्निकवार (प्रकरणवार) नवी आवृत्ती काढली, पण वाट या जोडीने पाडली होती.

मराठी वाचकांसाठी सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढलेले मराठी 'व्याकरणमहाभाष्य'. सहा भागांतला अनुवाद वासुदेवशास्त्रींचा, सातवा प्रस्तावनाखंड काशीनाथशास्त्रींचा (१९५४). भाषांतर कोणाचे आणि प्रस्तावना कोणाची, हे फलकावर स्पष्ट लिहा.

आणि शेवटचे, 'वेदविकृतिलक्षणसंग्रह', गो. वि. देवस्थळी यांच्यासह, भांडारकर संस्था, १९७८. वेदपठणाच्या विकृतींवरचे, म्हणजे पदे ठरावीक क्रमाने फिरवून म्हणण्याच्या पद्धतींवरचे, बारा छोटे ग्रंथ यात आहेत. हाही मृत्यूनंतर आला.

अहमदाबादचा काळ विसरू नका. ते गुजरात कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते आणि दशवैकालिकसूत्र या जैन ग्रंथाची आवृत्ती त्या काळातली आहे. 'पुण्याचे पंडित' या शब्दांत आयुष्याचा हा मोठा तुकडा गळून पडतो.

वय आणि जन्मसाल वर्तमानपत्रातून उचलू नका. गुन्ह्याच्या बातमीतले वय घाईत लिहिलेले असते आणि पुढचे सगळे तेच उतरवतात. घरच्यांकडून किंवा संस्थेच्या नोंदीतून घ्या, निदान दोन ठिकाणी ताडून पाहा.

प्रतिसाद २: पदपाठ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'व्याकरणशास्त्रातील योगदान' असे भाषण ठेवू नका, दहाव्या मिनिटाला अर्धी सभा हातातून जाते. श्रोत्यांना तीन गोष्टी करून दाखवा, प्रत्येकी वीस मिनिटे.

पहिली, कोश वापरून दाखवणे. पडद्यावर कोशाचे पान ठेवा आणि एखादा शब्द सर्वांसमोर शोधा. मी 'घु' घेईन. पाणिनीचे सूत्र 'दाधा घ्वदाप्' (१.१.२०): दा आणि धा अशा रूपांच्या धातूंना 'घु' म्हणायचे, मात्र दाप् (कापणे) आणि दैप् (शुद्ध करणे) वगळून. मग लगेच विचारा, या एका अक्षराचा उपयोग काय? ६.४.६६ मध्ये 'घुमास्था...' या सूत्राने दा चे दीयते, धा चे धीयते होते. इतक्या धातूंची यादी पुन्हा सांगावी लागत नाही, 'घु' म्हटले की काम झाले. संस्कृत न येणाऱ्यालाही हे समजते, कारण ही लघुलिपीची युक्ती आहे.

दुसरा शब्द 'उपधा' घ्या (१.१.६५): शेवटच्या वर्णाच्या आधीचा वर्ण. मराठी शुद्धलेखनात आपण 'उपान्त्य' इकार-उकार म्हणतो, त्याच्याशी तुलना करून दाखवा. एकात मोजणी वर्णांची, दुसऱ्यात अक्षरांची. हा फरक लोकांना स्वतः काढू द्या, सभा जागी राहते.

कोश शोधताना मराठी माणूस दोन ठिकाणी अडतो. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी शोधतो, तर संस्कृत कोशात क्ष हा 'क' मध्ये आणि ज्ञ 'ज' मध्ये असतो. आणि 'गुणः' असा विसर्गासह शब्द शोधतो, तर नोंद 'गुण' अशी असते. स्पष्टीकरण इंग्रजीत आहे आणि पाणिनीचे संदर्भ अध्याय-पाद-सूत्र या क्रमाने. हे आधी सांगून टाका, नाहीतर पाच मिनिटे पाने उलटण्यात जातील.

दुसरी गोष्ट, परिभाषा. परिभाषेन्दुशेखरात कीलहॉर्नच्या मोजणीने १२२ परिभाषा आहेत. फक्त पहिली आणि शेवटची घ्या. पहिली: 'व्याख्यानतो विशेषप्रतिपत्तिर्न हि सन्देहादलक्षणम्'. नियमात संदिग्धता दिसली म्हणून तो नियम टाकाऊ होत नाही, नेमका अर्थ व्याख्यानाने ठरतो. उदाहरण जवळच आहे. माहेश्वर सूत्रांत (पाणिनीची वर्णमाला) ण् हा अनुबंध, म्हणजे सूत्राच्या शेवटचे खुणेचे अक्षर, दोनदा येतो, 'अइउण्' आणि 'लण्'. मग 'अण्' म्हणजे अ-इ-उ एवढेच की पार ल पर्यंत? हे परंपरेने चालत आलेल्या व्याख्यानानेच कळते. शेवटची, १२२ वी: 'अर्धमात्रालाघवेन पुत्रोत्सवं मन्यन्ते वैयाकरणाः'. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद. ही ओळ लोकांनी सुभाषित म्हणून ऐकलेली असते. ती या ग्रंथाची शेवटची परिभाषा आहे आणि हा ग्रंथ अभ्यंकर पिता-पुत्रांच्या हातून छापला गेला, हे त्या ठिकाणी सांगा.

तिसरी, विकृतिपाठ. १९७८ च्या पुस्तकाचा विषय कानाने कळायला हवा. पठण करणारे एक वैदिक बोलवा आणि आधी आकड्यांचा फलक लावा:

क्रम: १-२, २-३, ३-४
जटा: १-२, २-१, १-२; मग २-३, ३-२, २-३
घन: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३

घनाच्या एका घासात तीन पदांचे तेरा उच्चार होतात. श्रोत्यांना आकडे बोटाने मोजायला लावा आणि मग 'अग्निमीळे पुरोहितं' ही ऋचा क्रमाने, जटेने, घनाने म्हणवून घ्या. आठही विकृती (जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दण्ड, रथ, घन) म्हणवून घेण्याचा मोह टाळा, वेळ संपतो आणि कानाला फरक कळेनासा होतो. उलट्या क्रमातही संधी आणि स्वर बिनचूक येतात, त्यामुळे एक अक्षर घसरले तरी लगेच पकडले जाते. ही रचना कशासाठी, हे त्या पठणाच्या आधी दोन वाक्यांत सांगा, नंतर नको. ऐकल्यावर सभा शांत असते, ती शांतता भाषणाने मोडू नये.

प्रतिसाद ३: जुनी_कात्रणे

हत्येच्या उल्लेखाबद्दल. तो टाळू नका. पूर्ण टाळला तर पहिला प्रश्न तोच येतो आणि मग उत्तर देणारा माणूस तयारी नसताना बोलतो. प्रदर्शनातला एकच फलक, साठ-सत्तर शब्दांचा, शेवटून दुसरा. शेवटचा फलक १९७७ आणि १९७८ च्या पुस्तकांचा ठेवा.

त्या फलकावर तारीख, ठिकाण, आणि मृत्यू झालेल्या पाचही जणांचा उल्लेख एकाच आकाराच्या अक्षरांत हवा. 'शास्त्री आणि त्यांचे कुटुंबीय' असे लिहिले की घरकामाच्या बाई कुटुंबीय नसल्याने वाक्याबाहेर पडतात. पन्नास वर्षे नेमके हेच होत आले आहे. नावे छापण्याआधी नातेवाइकांना विचारा, पाचही जणांच्या घरच्यांना. नकार आला तर नात्याने लिहा, पण पाच हा आकडा कमी होऊ देऊ नका.

'जोशी-अभ्यंकर' हे जोडनावही फलकावर वापरू नका. जोशी कुटुंबावरचा हल्ला महिनाभर आधीचा. घर वेगळे, माणसे वेगळी. दोन्ही आडनावे न्यायालयीन खटल्यामुळे जोडली गेली. सर्व मृतांसाठी सुरुवातीला एक मिनिट उभे राहायचे असेल तर निवेदनात '१९७६-७७ मध्ये पुण्यात याच गुन्हेगारांच्या हातून गेलेले सर्व' असे म्हणता येईल.

कात्रणे हवी असतील तर २ डिसेंबर १९७६ पासूनचे अंक पाहा. केसरी, सकाळ यांचे जुने बांधीव खंड जिथे असतील तिथे आधी दिवस ठरवून जा. महिना आणि वर्ष लिहून दिले नाही तर खंड बाहेर काढून मिळत नाही. तो आणीबाणीचा काळ होता, वृत्तपत्रांवर निर्बंध होते, हे वाचताना लक्षात ठेवा. माझे मत विचाराल तर त्या बातम्या प्रदर्शनात लावू नयेत. त्यातली छायाचित्रे आणि मथळे गुन्ह्याचे आहेत. त्याऐवजी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकाचे १९७६ ते १९७८ चे अंक चाळा, १९७७-७८ च्या हीरकमहोत्सवी जोडखंडासह. विद्वानाबद्दल विद्वान काय लिहितात ते तिथे शोधायचे.

घरापाशी जमणे, पणत्या लावणे, 'वारसा फेरी' काढणे हे करू नका. तिथे आज राहणाऱ्यांना त्याचा त्रास होतो.

शेवटी प्रश्नोत्तरे ठेवलीत तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. माइक फिरवला की तिसरा प्रश्न फाशीवर जातो आणि उरलेला वेळ तिथेच संपतो.

प्रतिसाद ४: खिळा_आणि_शाई

स्कॅन, हक्क आणि छपाई.

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो. निधन १९७६, म्हणजे काशीनाथशास्त्रींच्या एकट्याच्या लेखनावर हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत. जोडीने लिहिलेल्या ग्रंथांना शेवटी गेलेल्या सहलेखकाचे वर्ष लागते. निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाला साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून १९७८ चे पुस्तक वेगळ्या हिशेबात जाते. वडिलांच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला आहे. परिचय आणि समीक्षेसाठी एखादे पान, मुखपृष्ठ, छोटा उतारा दाखवायला कायद्यात वाव आहे. अख्खे पुस्तक स्कॅन करून वाटू नका, गटावर पीडीएफ टाकू नका. तरीही प्रकाशक संस्थेला एक पत्र द्या. संस्था बहुधा प्रती दाखवायलाही देतात, आणि विक्रीला असलेली पुस्तके कार्यक्रमात ठेवता येतात.

१९३८ पासूनच्या मराठी महाभाष्याच्या खंडांचा कागद ठिसूळ झालेला असतो. सपाट स्कॅनरवर पुस्तक पालथे दाबले की शिवण उसवते आणि मधली पाने सुटतात. पुस्तक साधारण ९० ते १०० अंशांत उघडून, दोन्ही बाजूंना उशी देऊन वरून फोटो घ्या. मुखपृष्ठ ६०० डीपीआय, मजकूर ३०० पुरे.

फलक आठपेक्षा जास्त नकोत. ए-२ आकार (४२ × ५९.४ सेंमी), ५ मिमी सनबोर्ड, प्रत्येकी १२० ते १५० शब्द. मजकुराचे अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको, श्रोत्यांत वयस्कर जास्त असणार. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर.

खरी गडबड छापखान्यात होते. युनिकोडमधला मजकूर दुकानदार कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो, जुन्या फाँटमध्ये बदलतो, आणि 'ङ्ग', 'द्ध', 'ह्म', 'ञ्च' ही जोडाक्षरे पाय मोडून वेगळी होतात. 'दर्शनाङ्कुर'चे 'दर्शनाड्कुर' झाले तर व्याकरणकाराच्या प्रदर्शनात ते फार टोचेल. म्हणून फाँट अंतर्भूत केलेला पीडीएफच द्या आणि 'यात काही बदलू नका' असे लिहून द्या. ऋचेवर स्वरचिन्हे (आडवी खालची, उभी वरची) असतील तर ती पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतात. ए-४ वर एक नमुना प्रत काढून वैदिकांकडून तपासून घ्या. 'ईळे' मधला ळ कोणी 'सुधारून' ड करत नाही ना, तेही पाहा. ऋग्वेदात तिथे ळच आहे.

मुद्रितशोधन दोघांनी करावे. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मूळ पुस्तकाशी ताडावे. एकट्याने वाचले की डोळा हवे ते अक्षर स्वतःच भरतो.

नियमित_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. आठ फलकांचा क्रम असा लावतो आहे:

१) वासुदेवशास्त्री आणि गुरुपरंपरा, २) अहमदाबाद, ३) मराठी महाभाष्य व प्रस्तावनाखंड, ४) कीलहॉर्न आणि अभ्यंकर, ५) परिभाषा, पहिली व १२२ वी, ६) कोश १९६१, वाक्यपदीय, दीपिका, ७) १ डिसेंबर १९७६, ८) १९७७ आणि १९७८ ची पुस्तके.

कार्यक्रमात कोश, परिभाषा, विकृतिपाठ, प्रत्येकी वीस मिनिटे. प्रश्न चिठ्ठीवर. नातेवाइकांना पत्रे या आठवड्यात जातील. एक शंका आहे: पाचव्या फलकावर 'पुत्रोत्सव' ही ओळ आणि लगेच दोन फलकांनंतर हत्येचा मजकूर. वाचणाऱ्याला हे खुपेल का?

पदपाठ

खुपेल. नातू आणि नात त्या घरातच गेले, हे वाचल्यावर माणूस मागे वळून ती ओळ पुन्हा वाचेल. परिभाषेचा फलक तिसऱ्या जागी आणा, मराठी महाभाष्य पाचव्या. १२२ वी परिभाषा सभेत म्हणायची आहेच, फलकावर फक्त पहिली ठेवली तरी चालेल. 'व्याख्यानतो विशेषप्रतिपत्तिः' मोठ्या अक्षरात, खाली अण् चे उदाहरण. तेवढे पुरे.